आप्पांचं डोकं आणि आक्काचं लग्न

गेल्या वर्षी माझ्या डोक्यात रक्त सांडलं, तेव्हा दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी आधी माझं नाव विचारलं, मग आज वार कुठला ते विचारलं, आणि तिसरा प्रश्न केला, "मॅडम, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का?" मान ताठली होती, उजेड सोसत नव्हता, तरी डोळे मिटून मी बोटांवर मोजून सांगितलं. वडील, आत्या, बहुतेक थोरले चुलते, आणि आता मी. डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसणार. पण हेच उत्तर आमच्या घरात पहिल्यांदा द्यायची वेळ आली, तेव्हा ते उघडपणे तोंडाबाहेर पडायला दीड वर्ष लागलं होतं, आणि त्यातलं जवळजवळ वर्षभर माझी सख्खी बहीण माझ्याशी बोलत नव्हती. तेव्हापासून मी तिच्याच घरी विश्रांतीला आहे. डॉक्टरांनी वाचन कमी करा म्हणून सांगितलंय. लिहू नका असं काही सांगितलेलं नाही.

आमचं घर सीमाभागातल्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या सोप्यात दोन माग होते. जुने हातमाग जाऊन विजेचे आले ते माझ्या जन्माच्या आगेमागे. एक वडील, आमचे आप्पा, चालवायचे, दुसरा आक्का. आक्का म्हणजे शालन, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सातवी झाल्यावर ती मागावर उभी राहिली आणि मी शाळेत जात राहिले, कारण दोघींतली एकच शिकू शकत होती आणि आक्काचे हात चांगले होते. तुटलेला धागा ती असा सांधायची की गाठ कापडात शोधून सापडत नसे. मी शाळेला जायच्या आधी सुताच्या कांड्या भरून ठेवायची. सकाळी सहाला माग सुरू झाले की दिवसभर घरात खटखट, आणि त्या खटखटीच्या वरताण बोलायचं. त्यामुळे आमच्या गल्लीतली माणसं साधी चौकशी केली तरी भांडल्यासारखी वाटत. मी पुढे सारी नोकरी शिक्षिका म्हणून केली. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

आप्पा बोलायला कमी. कोपरीच्या खिशात तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी कायमची. तंबाखू निपाणीहून यायची, कारण त्यांची धाकटी बहीण, आमची आत्या, निपाणीला दिलेली होती आणि तिथं तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. ती आली की तिच्या लुगड्याला तो उग्र वास यायचा. आम्ही तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की हटकून शिंका यायच्या. आई सगळ्यांना जेवायला मागापाशीच द्यायची. जोंधळ्याची भाकरी, तिच्यावर लसणाची चटणी, कडेला कांदा. आप्पा एका हातानं खात आणि डोळे इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यावर ठेवत. मला आजही पंगतीत बसून सावकाश जेवता येत नाही, कुठला तरी धागा तुटेल असं वाटत राहतं.

त्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी होती, मी दप्तर भरत होते. एक माग थांबला. माग थांबण्यात नवीन काही नाही, धागा तुटला की थांबतोच आणि दहा आकडे मोजेपर्यंत पुन्हा सुरू होतो. आईनं भाकरी उलटली, फुगवली, टोपलीत टाकली, तरी तो सुरू होईना. मग तिनं हात तसेच पिठाचे ठेवून सोप्यात डोकावून बघितलं. आप्पा मागाच्या लाकडाला धरून उभे होते आणि दुसरा हात मानेच्या मागं होता. चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही, कारण असा चेहरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता. आक्कानं आपला माग बंद केला. गल्लीतल्या बाकीच्या मागांचा आवाज येत होता, पण आमच्या घरात एकदम शांत झालं. आप्पा म्हणाले, "मागनं कुणीतरी दगड घातल्यागत झालं." एवढं बोलून ते खाली बसले आणि ओकले.

त्यांना शुद्ध होती. आम्हाला ओळखत होते, विचारलेलं सांगत होते, फक्त डोळे उघडायला तयार नव्हते. आईनं खिडकीला लुगडं बांधलं, कपाळाला सुंठेचा लेप घातला. शेजारच्या बसव्वानं दारातून "एनातु?", काय झालं, म्हणून कन्नडात विचारलं, आत येऊन बघितलं आणि मिरच्या ओवाळून टाकल्या. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी आक्का बशीत चहा ओतून पाजायला गेली, तर आप्पांना मान खाली घालता येईना. तिनं ते डॉक्टरांना जाऊन सांगितलं. डॉक्टर तसेच उठून आले, आप्पांना हनुवटी छातीला लावा म्हणाले. ती अर्ध्यातही आली नाही. डॉक्टरांनी बॅग बंद केली आणि मिरजेला न्या म्हणून चिठ्ठी लिहिली. आजच न्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आक्कानं घर सांभाळायचं आणि मी आईबरोबर जायचं असं ठरलं. भाड्याच्या मोटारीत मागच्या सीटवर आप्पांना आडवं करताना आक्का मला म्हणाली, "तू शिकल्यालीस. डॉक्टर काय म्हंत्यात ते नीट ऐक आन येऊन मला सांग." मी व्हय म्हणाले. निपाणीत मोटार थांबवून आत्याला घेतलं. तिनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मिरज येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, घाबरली असेल.

मिरजेच्या त्या दवाखान्यात आप्पा तीन आठवडे होते. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं, ते लाल आलं. मग मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन, औषध सोडून डोक्यातल्या शिरांचे फोटो घेतले. डॉक्टर वयस्क होते, समजावून सांगायची हौस असलेले. माझ्या हातात शाळेची वही बघून ते माझ्याकडेच बघून बोलायचे. म्हणाले, मेंदूच्या भोवती रक्त पसरलंय. बहुतेक वेळा शिरेला फुगा आलेला असतो, तो फुटतो. तसा फुगा असला तर पुन्हा फुटायची भीती फार, डोकं उघडावं लागतं. तुमच्या वडिलांच्या फोटोत फुगा दिसत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो घेतले, तेव्हाही दिसला नाही. तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत मागं टेकून बसले. फुगा नाही म्हणजे हा माणूस बहुतेक बरा होऊन घरी जाणार, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का?

आई लगेच म्हणाली, "न्हाय. कोण न्हाय."

आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिनं आईकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. म्हणाली, "मला झालतं, सायेब. धाकटं प्वार अंगावर हुतं तवा. महिनाभर मान वाकली न्हाय. घरात म्हणाले, देवीचं वारं हाय." आणि पुढं म्हणाली, "आन आमचा थोरला भाऊ. त्यो दिसाभरात गेला."

थोरले आप्पा म्हणजे आप्पांचे मोठे भाऊ. ते डोकं दुखून गेले एवढंच मी ऐकलं होतं; ते गेले तेव्हा मी पाळण्यात होते. डॉक्टरांनी आत्याचेही फोटो काढून घेतले. तिच्याही शिरा स्वच्छ होत्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, कारण आक्काला सांगायचं होतं. तीन भावंडांना होतं म्हणजे हे घराण्यातून आलं असावं. का येतं ते मला माहीत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. पुढच्या पिढीत येईलच असं नाही, येणार नाही असंही नाही. तंबाखू सोडायची, विडी ओढायची नाही, रक्तदाब तपासत राहायचा. आणि घरात कुणालाही कधी असं अचानक, दगड घातल्यासारखं डोकं दुखलं, तर लेप लावत बसायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. यावर पुढं कितीतरी संशोधन झालं असेल. गेल्या वर्षी माझेही फोटो काढले, आता त्याला मांडी टोचावी लागत नाही, यंत्रात नुसतं झोपायचं. माझ्याही शिरांना फुगा नव्हता. काही मोजक्या घराण्यांत असं दिसतं, पण नेमकं कारण आम्हालाही सांगता येत नाही, असं त्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं. मला त्यांच्याबद्दल आणि मिरजेच्या म्हाताऱ्या डॉक्टरांबद्दल सारखाच आदर वाटला.

त्या दुपारी दवाखान्याच्या आवारातल्या नळावर आई कपडे धूत होती. मी पिळून देत होते. ती न बघता म्हणाली, "ह्ये शालूला सांगायचं न्हाय." मी म्हटलं, तिनं ऐकून यायला सांगितलंय. आईनं आप्पांची कोपरी दगडावर आपटली. "आप्पा बरं झाले, एवढं सांग. घराण्याचं काय काढू नगंस. तिचं लगीन व्हायचं हाय. पोरीच्या नावाला असलं चिकाटलं की सुटत न्हाय. आन तिच्या डोस्क्यात भ्या घालून काय मिळणार?" आत्याकडूनही तिनं वचन घेतलं. आप्पांना आत्यानं कधी तरी सांगितलंच, तेव्हा ते म्हणाले, पोरीचं जमू दे आधी. वहीतलं ते पान मी फाडलं नाही. फक्त आक्कानं विचारलं तेव्हा अर्धंच वाचून दाखवलं.

आप्पा घरी आले आणि हळूहळू मागावर उभे राहू लागले. तंबाखू सुटली. ती सुटताना माणूस किती चिडचिडा होतो ते आम्ही चार महिने बघितलं. आत्या आता येताना पिशवीतून भाजलेल्या शेंगा आणायची. तंबाखूच्या गावाहून शेंगा आणणारी ती एकटीच असेल. घर पूर्वीसारखं झालं, मी मात्र झाले नाही. शाळेतून आले की पहिली नजर आक्काकडे जाई. ती धागा सांधायला वाकली की पुन्हा सरळ उभी राहीपर्यंत मी तिथून हलत नसे. तिनं कपाळाला हात लावला तरी मी दचके. एकदा उन्हानं तिचं डोकं दुखलं, तर मी तिच्याभोवती एवढी घिरट्या घालायला लागले की ती हसून म्हणाली, "मी काय मरायला लागलेय व्हय गं?" मला रडू आलं. तिला वाटलं, आप्पांच्या दुखण्यानं मी हळवी झालेय. वय वर्षं सोळा, आणि सांगण्यासारखं असं कुणी नाही. स्वतःच्या डोक्याची भीती मला कधी वाटली नाही हे खरं आहे. हे आक्कालाच होणार अशी माझी का कोण जाणे खात्री झाली होती.

कॅम्पातलं स्थळ आलं ते थंडीत. मुलगा मिलिटरीच्या हापिसात कारकून, एकुलता एक, वडील नाहीत, आई आणि तो. बघायला आले तेव्हा त्या बाई कुंद्याच्या मिठाईचा पुडा घेऊन आल्या होत्या. नेसणं साधं, बोलणं मऊ. आक्काला त्यांनी शिकलीस किती हे विचारलंच नाही, विणलेलं कापड दाखव म्हणाल्या, आणि ते उजेडात धरून किती तरी वेळ बघत बसल्या. मुलगा दिसायला बरा होता, आक्काच्या चेहऱ्यावरून तिलाही तो पसंत होता हे मला कळलं. बैठक चालू असताना मी घरामागच्या परड्यात कपबशा धूत होते. बाई घर बघायच्या निमित्तानं मागं आल्या आणि माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुझ्या वडिलांना मोठं दुखणं झालं होतं म्हणे, काय झालं होतं गं बाळ, असं विचारलं. त्यांचा स्वतःचा भाऊ असाच अचानक गेला होता, तेही सांगितलं.

त्या लबाडीनं विचारत होत्या असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मला इतकंच आठवतं की इतक्या महिन्यांत सगळं सांगता येईल असं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पाठीतलं लाल पाणी, नळी, शिरांचे फोटो, आत्याची महिनाभर ताठलेली मान, थोरले आप्पा, घराण्यातून येतं, पुढं येईल न येईल. बोलता बोलता बशी हातातच राहिली. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस." मला एवढं हलकं वाटलं की दोन दिवस मी गुणगुणत कांड्या भरत होते.

दहा दिवसांनी मध्यस्थ आले. पत्रिका जुळत नाही असं त्यांनी आधी सांगितलं, पण आप्पांशी त्यांची जुनी ओळख, त्यामुळे ते फार वेळ रेटू शकले नाहीत. निघताना म्हणाले, "त्यास्नी घराण्यातलं कळलंया. एकुलतं एक पोर हाय, त्यांचं बी बरोबर हाय." त्या दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो तेव्हा आप्पांनी कुणाकडंच न बघता विचारलं, कुणी सांगितलं? मी म्हटलं, मी. आईच्या हातातला घास तसाच राहिला. आक्का मात्र माझ्याकडं नुसती गोंधळून बघत होती. तिनं विचारलं, "घराण्यातलं म्हंजे काय?"

उत्तर मीच दिलं, तुटक तुटक, ताटाकडं बघत. ऐकताना ती एकेकाचं तोंड बघत होती. आईचं, आप्पांचं, मग माझं. माझं बोलणं संपल्यावर ती अगदी हळू आवाजात बोलली, आमच्या घरात इतक्या हळू कुणी बोलत नसे. "माझ्या डोस्क्यातली गोष्ट कॅम्पातल्या बाईला ठावं, आन मला न्हाय." ताट उचलून ती परड्यात गेली. तिनं स्थळ मोडल्याबद्दल मला एक शब्दही बोल लावला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पण तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. अबोला धरतात तसा तो नव्हता. ताट वाढायची, माझी वेणीही घालायची, फक्त माझं नाव घेऊन माझ्याशी म्हणून काही बोलायची नाही. एवढ्या आवाजाच्या घरात एका माणसाचं न बोलणं ऐकू येतं हे मला तेव्हा कळलं. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा तिनं मान हलवली आणि माग सुरू केला. आई मला दोष देत होती, आप्पा आईला देत होते, आणि मला वाटतं आई मनात आणखी कशाचा तरी दोष स्वतःला देत होती, पण ते आम्हाला नंतर कळलं. मधल्या काळात आक्का एकटी एसटीनं निपाणीला जाऊन आत्याकडे चार दिवस राहून आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. आल्यावर तिनं माझ्या दप्तरातून ती वही काढून घेतली आणि दारात बसून, एकेका शब्दावर बोट ठेवून, ते पान सगळं वाचलं.

पुढची सुगी सरल्यावर हिंडलग्याचं स्थळ आलं. घरची थोडी शेती, मुलगा फौंड्रीत साचे करायच्या कामावर. नारायण त्याचं नाव. तो, त्याचे वडील आणि चुलते असे तिघे आले. आईनं उप्पीट केलं होतं, शिरा केला होता, आणि मला सकाळपासून तीनदा दटावलं होतं की परड्यातून पुढं यायचं नाही. मी दाराआड उभी होते. आक्का ताटल्या घेऊन गेली, तिघांसमोर ठेवल्या, आणि पाटावर बसायच्या ऐवजी उभीच राहिली.

म्हणाली, "बसायच्या आदी एक सांगायचं हाय. आमच्या आप्पांच्या डोस्क्यात रक्त सांडलतं. आत्याला बी झालतं. थोरल्या आप्पांना बी त्येच झालं आसंल. डॉक्टर म्हणाले, ह्ये घराण्यातनं येतंय. मला व्हईल का न्हाय, कुणाला सांगता येत न्हाय. उद्या पोरंबाळं झाली तर त्यास्नी बी तसंच. ऐकून घ्या, मग खावा."

आई उठून आत आली आणि चुलीकडं तोंड करून बसली. बाहेर चुलत्यांनी ताटली खाली ठेवली. मला दाराच्या फटीतून फक्त नारायण दिसत होता. सावळा, हाताच्या बोटांत काळी रेती बसलेली, ती धुऊनही जात नसावी. त्यानं विचारलं, "आत्ता दुकतंय का डोस्कं?" आक्का न्हाय म्हणाली. "बरं," म्हणाला तो, आणि उप्पीट खायला लागला. त्याच्या वडिलांनीही खाल्लं. चुलत्यांनी नाही. कळवतो म्हणून ते गेले. आम्ही काय समजायचं ते समजलो. आक्कानं उरलेलं उप्पीट बसव्वाच्या घरी दिलं आणि साडीचा पदर खोचून मागावर उभी राहिली. तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

चौथ्या दिवशी दुपारी सायकल दाराला टेकवून नारायण एकटाच आला. आप्पांनी माग बंद करून त्याला बसायला सांगितलं. तो मागाच्या कडेला कसाबसा टेकला. म्हणाला की घरात बोलणं झालं, चुलत्यांचं मन नाही, वडील म्हणतात तुझं तू ठरव. मग तो आक्काकडं वळला. "मला एक इचारायचं हुतं. तसं काय झालंच, तर वळकायचं कसं? आन न्यायचं कुटं?"

आक्काचा माग चालू होता. तिनं तो थांबवला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, पण बोलली आक्काच. "मंगल, हिकडं ये. डॉक्टर काय म्हणाले त्ये तू ऐकल्यालंयस. सगळं सांग ह्यास्नी. मागं काय ठिवू नगंस."

किती दिवसांनी तिनं माझं नाव घेतलं होतं. मी पुढं आले आणि सांगायला लागले. दगड घातल्यासारखं दुखणं, ओकारी, उजेड न सोसणं, हनुवटी छातीला लावून बघणं. लेप नाही, गोळी नाही, थेट दवाखाना. तंबाखू, विडी घरात नको. नारायण एकेक गोष्ट पुटपुटून परत म्हणून बघत होता, शाळेतल्या पोरासारखा. शेवटी मी थांबले तेव्हा त्यानं विचारलं, आणखी काही राहिलं का? मी नाही म्हणून मान हलवली.

"ऱ्हायलंय," आतल्या दारातून आई म्हणाली.

ती तिथं कधीची उभी होती कुणास ठाऊक. पदर डोक्यावर ओढून ती चौकटीला धरून खाली बसली. म्हणाली, "थोरल्या भावजींचं म्या बघिटलंय. सकाळचं परड्यात तोंड धूत हुते. मान धरून खाली बसले. डोस्क्यात काय तर फुटलं म्हणाले. घरात दुसरं मोठं कोण न्हवतं, ही मंगल पाळण्यात हुती. म्या म्हणाले, उनाचं आसंल, पडा घटकाभर. त्ये पडले. मी भाकऱ्या केल्या, पोरीला पाजलं, कपडे धुतले. जेवायला हाक मारली तवा उठले न्हाईत." मग ती आप्पांकडं न बघता म्हणाली, "ह्यास्नी बी म्या सांगिटलं न्हवतं."

आप्पा आपल्या मागाच्या लाकडावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या भावाचं शेवटचं बोलणं ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकत होते. मग ते म्हणाले, "तुला काय ठावं हुतं गं." तेवढंच. आक्का आईजवळ जाऊन बसली आणि मीही तिच्या दुसऱ्या बाजूला बसले.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि नारायणकडं सरळ बघितलं. "म्हणून सांगत्ये. हिनं कदी डोस्कं धरलं, तर पड म्हणू नगासा. कामं असू द्यात, पोरं रडू द्यात. तशीच उचला आन न्या."

नारायण उभा राहिला. "व्हय, मावशी," म्हणाला. "तशीच उचलून न्हेतो."